बुद्ध्यंक १०४ : आकडा येतो कुठून आणि सांगतो काय

मुलाच्या बुद्धिमापनाचा अहवाल हातात पडला की आईवडिलांची नजर सगळा मजकूर ओलांडून एकाच ओळीवर जाते. समजा तिथं लिहिलंय, 'एकूण बुद्ध्यंक १०४'. लगेच गुणपत्रिकेचा हिशेब सुरू होतो. शंभराच्या वर आहे म्हणजे बरंच आहे की! पण आतेबहिणीचा ११८ आला होता, मग याचा कमी का? आणि मुळात हे कितीपैकी?

या प्रश्नांच्या मुळाशी एक समजूत आहे. डोक्यात बुद्धी नावाचं काहीतरी कमीजास्त साठलेलं असतं आणि चाचणी ते मोजून देते, अशी. प्रत्यक्षात बुद्ध्यंक ही तुलना असते. ठरावीक कामं करताना, आपल्याच वयाच्या मुलांच्या एका ठरावीक समूहात, हे मूल कुठं बसतं एवढंच तो आकडा सांगतो, आणि तेही थोडं मागेपुढे धरून. कोणती कामं, कोणता समूह आणि किती मागेपुढे, या तीन गोष्टी कळल्या की आकडा वाचता येतो.

बिने यांची वयवार यादी

फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं आणि सगळ्या थरांतली मुलं शाळेत येऊ लागली. काही मुलं वर्गाबरोबर चालू शकत नव्हती. कोणाला वेगळी मदत हवी हे ठरवणं शिक्षकाच्या मतावर सोडलं, तर दंगेखोर मूलही 'मंद' ठरायचं आणि गप्प बसणारं मूल नजरेतून सुटायचं. १९०४ मध्ये या प्रश्नावर सरकारी आयोग नेमला गेला. त्यावर असलेले मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी डॉक्टर तेओदोर सिमाँ यांना बरोबर घेऊन १९०५ मध्ये तीस कामांची एक मालिका तयार केली. पहिलं काम अगदी साधं होतं : पेटती काडी डोळ्यांसमोरून हलवली तर मुलाची नजर तिच्यामागे फिरते का? तिथून चढत चढत शेवटची कामं अमूर्त कल्पनांमधला फरक सांगण्यापर्यंत जात.

१९०८ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी ही कामं वयाप्रमाणे लावली. एखादं काम बहुतेक सात वर्षांच्या मुलांना जमतं आणि सहा वर्षांच्या बहुतेकांना जमत नाही, तर ते सात वर्षांच्या गटातलं. कोणतं काम 'बुद्धीचं' आणि कोणतं नाही, या तात्त्विक वादात बिने शिरलेच नाहीत. मुलांकडून करून घेतलं, मोजलं आणि त्यावरून काम जागेवर बसवलं. आजच्या चाचण्यांचा पायाही हाच आहे.

यातून 'मानसिक वय' आलं. १९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयानं भागायला सुचवलं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लुईस टर्मन यांनी १९१६ च्या आपल्या आवृत्तीत त्या भागाकाराला शंभरानं गुणलं आणि अपूर्णांक घालवला. बुद्ध्यंक जन्माला आला तो असा.

मराठी मुलांपर्यंत ही चाचणी पोहोचली ती व्ही. व्ही. कामत यांच्यामुळे. १९३० च्या दशकात, तेव्हा मुंबई प्रांतात असलेल्या धारवाडमध्ये, त्यांनी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बिने-पद्धतीची चाचणी बसवली. १९४० मध्ये 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन' हे त्यांचं पुस्तक आलं. 'बिने-कामत' किंवा नुसतं 'बीकेटी' हे नाव रुग्णालयांच्या बालमार्गदर्शन विभागांत अनेक पालकांच्या कानांवर पडलेलं असतं.

हिशेब कसा होतो ते एका कल्पित मुलीवर पाहू. ती आज बरोबर आठ वर्षांची, म्हणजे ९६ महिन्यांची आहे. लहान वयोगटांत प्रत्येक वर्षासाठी सहा कामं आणि प्रत्येक कामाला दोन महिने. सात वर्षांच्या गटातली सगळी कामं तिनं केली, म्हणून पाया सात वर्षांचा : ८४ महिने. आठच्या गटातली चार जमली, त्याचे ८ महिने. नऊच्या गटातली दोन, त्याचे ४. दहाच्या गटातलं एक, त्याचे २. त्यापुढच्या गटातलं एकही जमलं नाही, तिथं चाचणी थांबली. मानसिक वय झालं ९८ महिने. ९८ भागिले ९६ गुणिले १००, म्हणजे १०२.

भागाकार सुटला, रांग आली

हे गणित लहान मुलांपुरतं ठीक होतं. मोठ्यांना लावलं की ते कोलमडतं. अशी कामं करण्याची क्षमता वर्षागणिक कायम वाढत नाही. एका टप्प्यानंतर ती फारशी वाढत नाही, वय मात्र वाढतच राहतं. चाळीस वर्षांच्या धडधाकट माणसाचं मानसिक वय सोळा धरलं, तर त्याचा बुद्ध्यंक ४० येईल. हे उघडच हास्यास्पद आहे.

न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातले डेव्हिड वेक्सलर यांच्यासमोर प्रौढ रुग्णच होते. १९३९ मध्ये त्यांनी आपली चाचणी आणली आणि भागाकार सोडून दिला. त्यांची रीत समजायला शाळेतली प्रार्थनेची रांग आठवावी. मुलं उंचीप्रमाणे उभी आहेत. एखाद्याची उंची किती सेंटिमीटर आहे हे ठाऊक नसलं, तरी त्याच्या पुढे किती आणि मागे किती हे मोजता येतं. वेक्सलर यांनी प्रत्येक वयोगटाची अशी रांग लावली आणि तिच्या बरोबर मध्याला १०० हा आकडा दिला. गुणांचा पसारा असा बसवला की प्रमाण विचलन १५ येतं. या मांडणीत सुमारे ६८ टक्के माणसं ८५ ते ११५ यांच्यामध्ये सापडतात आणि सुमारे ९५ टक्के ७० ते १३० यांच्यामध्ये. १३० च्या वर जेमतेम दोन टक्के, ७० च्या खालीही तेवढेच.

म्हणून 'कितीपैकी' या प्रश्नाला उत्तरच नाही. १०४ म्हणजे त्या वयाच्या शंभर मुलांपैकी साधारण साठजण मागे आणि चाळीसजण पुढे. ११५ म्हणजे साधारण चौऱ्याऐंशी मागे. आणि १२० बुद्ध्यंकाची मुलगी ६० बुद्ध्यंकाच्या मुलाच्या 'दुप्पट हुशार' असं म्हणता येत नाही, कारण रांगेतल्या जागेची दुप्पट होत नसते.

रांगेतली माणसं बदलली की आपली जागाही बदलते. विसाव्या शतकात अनेक देशांत नव्या पिढ्या जुन्या चाचण्यांत जास्त गुण मिळवू लागल्या. न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात हे आकडे एकत्र मांडले. वाढ दर दशकाला सुमारे तीन गुणांची होती. म्हणजे वीस वर्षं जुन्या समूहाशी तुलना केली, तर आजच्या मुलाचा बुद्ध्यंक सहाएक गुण फुगून येऊ शकतो. चाचणी कोणत्या सालच्या समूहावर बसवलेली आहे हे विचारायचं ते यासाठी.

दाराआड काय होतं

चाचणीच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या, एक पेटी आणि एक घड्याळ असतं. एका वेळी एकच मूल. वेक्सलर यांच्या मुलांच्या चाचणीवरून डॉ. आर्थर मालिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी चाचणी तयार केली. ती १९६९ ची, सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी, आणि 'मिसिक' या लघुनावानं ओळखली जाते. तिच्यात अकरा उपचाचण्या आहेत. सहा बोलण्याच्या : सामान्य माहिती, व्यवहारातली समज, तोंडी गणित, साम्य ओळखणं, शब्दसंग्रह आणि अंक लक्षात ठेवणं. पाच हातानं करायच्या : चित्रात काय राहून गेलंय ते सांगणं, ठोकळ्यांची नक्षी जुळवणं, तुकड्यांतून वस्तू जोडणं, खुणांची संकेतलिपी भरणं आणि चक्रव्यूहातून वाट काढणं.

यातली अंकांची उपचाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. परीक्षक म्हणतात, "मी आकडे सांगते, माझं झालं की तू तसेच म्हण." मग सेकंदाला एक या गतीनं, आवाज वरखाली न करता : सहा, एक, आठ. मूल म्हणतं, सहा, एक, आठ. मग चार आकडे, मग पाच. एका लांबीला दोन संधी. दोन्ही हुकल्या की थांबायचं. मध्ये किंचित थांबून आकड्यांची जोडी पाडली तरी काम सोपं होतं, म्हणून परीक्षकांना एकसुरी बोलायचा सराव करावा लागतो. आपण मोबाइल नंबर पाच-पाचच्या दोन तुकड्यांत सांगतो ते याच कारणानं. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये लिहिलं की अशा वेळी प्रौढ माणसाच्या मनात सातच्या आसपास गोष्टी मावतात, आणि तुकडे पाडले की प्रत्येक तुकडा ही एक 'गोष्ट' होते.

दुसऱ्या फेरीत तेच आकडे उलटे म्हणायचे. सहा, एक, आठ ऐकलं तर आठ, एक, सहा. इथं मुलाचा चेहरा बदलतो. काही मुलं ओठ हलवतात, काही टेबलावर बोटानं लिहितात, काही छताकडे बघतात. आता आकडे नुसते धरून ठेवायचे नाहीत, धरून ठेवत फिरवायचे आहेत. अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये या मानसिक टेबलाला 'वर्किंग मेमरी' म्हटलं. मराठीत त्याला कार्यकारी स्मृती म्हणतात. हातचे लक्षात ठेवून बेरीज करणं, लांब वाक्याचा शेवट ऐकेपर्यंत सुरुवात न विसरणं, फळ्यावरून उतरवून घेणं, हे सगळं या टेबलावर चालतं. सुलट सहा आकडे म्हणणारं पण उलट दोनांपुढे अडकणारं मूल परीक्षकांच्या लक्षात राहतं. वर्गात तीन सूचना एकदम दिल्या की त्याची तिसरी निसटत असेल. आणि त्याच मुलाला पन्नास गाणी तोंडपाठ असू शकतात, कारण गाणी साठतात ती दीर्घकालीन स्मृतीत, आणि तो विभाग निराळा.

स्मृती एकच नसते

हे विभाग किती निराळे आहेत हे एका रुग्णामुळे जगाला कळलं. हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाला फिट्सचा तीव्र त्रास होता. १९५३ मध्ये शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. फिट्स कमी झाल्या, पण नवीन काहीही लक्षात राहणं थांबलं. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की ओळख पहिल्यापासून. दोन वर्षांनी मोजला तेव्हा त्याचा बुद्ध्यंक ११२ होता, म्हणजे सरासरीच्या वर, आणि स्मृतीचा वेगळा अंक ६७. काही सेकंद आकडे धरून ठेवणंही त्याला जमायचं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. रोज तो म्हणे की हे मी कधीच केलेलं नाही, आणि रोज त्याच्या चुका कमी होत गेल्या. हात शिकत होता, माणसाला पत्ता नव्हता.

विसरण्यालाही क्रम असतो. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं अर्थहीन अक्षरगटांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि ठरावीक वेळानंतर त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजलं. १८८५ मध्ये छापलेल्या त्याच्या आकड्यांनुसार वीस मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचले, तासानं ४४, दिवसानं ३४ आणि महिन्यानं २१. पहिल्या तासात घसरण सर्वांत मोठी, नंतर ती मंदावते. म्हणूनच स्मृतीच्या चाचणीत एक छोटी गोष्ट सांगून लगेच विचारतात आणि अर्ध्या तासानं पुन्हा विचारतात. आजोबांना लगेच सांगता आली आणि नंतर त्यातलं काहीच राहिलं नाही, तर अडचण साठवण्यात. सुरुवातीलाच सांगता आली नाही, तर आधी ऐकू येतं का, लक्ष होतं का, हे तपासायचं. आपणहून आठवलं नाही पण दोन पर्याय दिल्यावर बरोबर ओळखलं, तर साठवण शाबूत आहे, काढून देणं जड जातंय. घरचे या तिन्हीला 'विसरभोळेपणा' म्हणतात, उपचार मात्र वेगळे.

चाचणी कशी सिद्ध होते

चांगले प्रश्न लिहिणं हे सर्वांत सोपं काम. पुढचं किचकट. प्रश्न शेकडो मुलांवर वापरून बघतात. सगळ्यांना येणारा किंवा कोणालाच न येणारा प्रश्न फारसं काही सांगत नाही. एकूण चांगले गुण मिळवणाऱ्यांनाही जो चुकतो आणि कमी गुणवाल्यांना जमतो, तो प्रश्नच सदोष असतो. असे गाळून जे उरतं त्याच्या आणखी दोन परीक्षा होतात.

पहिली विश्वसनीयता : तीच चाचणी काही आठवड्यांनी दिली तर साधारण तेच गुण येतात का? दुसरी सप्रमाणता : जे मोजतो म्हणते तेच ती मोजते का? गणितातली गती मोजायला लांबलचक शाब्दिक उदाहरणं दिली, तर मोजलं जातं वाचन. चाचणी अत्यंत विश्वसनीय असूनही चुकीचीच गोष्ट मोजत असू शकते.

त्यानंतर मानके. शहरी-ग्रामीण, मुलं-मुली, वेगवेगळ्या थरांतले विद्यार्थी असा समूह निवडून त्यांच्यावर चाचणी घेतात. तोच तो समूह, ज्याच्या रांगेत पुढं प्रत्येक मूल उभं केलं जातं. परदेशी चाचणीचं नुसतं भाषांतर करून तिथलीच मानके लावली, तर निकाल फसतो. अगदी अंकांच्या उपचाचणीतही! वेल्श भाषेत अंकांचे उच्चार इंग्रजीपेक्षा लांबतात. १९८० च्या एका अभ्यासात दोन्ही भाषा येणाऱ्यांना वेल्शमध्ये कमी अंक लक्षात राहिले, कारण मनात घोकायला जास्त वेळ लागत होता. वेल्शमध्ये चाचणी दिलेल्या मुलांना इंग्रजी मानके लावली तर त्यांची स्मृतीच कमी ठरेल. घरी अहिराणी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाची चाचणी प्रमाण मराठीत घेतली, तर हाच प्रश्न आपल्याकडेही उभा राहतो, आणि शब्दसंग्रहाच्या उपचाचणीत तो कितीतरी मोठा होतो.

१०४ म्हणजे ९५ ते ११३

कोणतंही मापन पूर्ण अचूक नसतं. इथं चूक किती असू शकते हे आधीच काढून ठेवलेलं असतं. एखाद्या चाचणीचा विश्वसनीयता गुणांक ०.९१ असेल, तर प्रमाण विचलन १५ धरून मापनाची प्रमाण त्रुटी ४.५ येते. ९५ टक्के खात्रीनं बोलायचं तर दोन्ही बाजूंना सुमारे ९ गुण सोडावे लागतात. म्हणजे १०४ हा आकडा '९५ ते ११३ च्या दरम्यान' असा वाचायचा. आतेबहिणीचे ११८ हे १०९ ते १२७ होतात. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढले. मग 'चौदा गुणांनी मागे' हे विधान छातीठोकपणे करता येत नाही. झोप न झालेलं, तापातून उठलेलं, परीक्षकाला घाबरलेलं मूल यापेक्षाही खाली घसरू शकतं. ते या गणितात धरलेलं नाही.

एकूण आकड्यापेक्षा उपचाचण्यांचा आलेख कितीतरी बोलका असतो. भाषिक भाग ११८ आणि कृतीचा भाग ९० असलेल्या मुलाचीही सरासरी १०४ येते, आणि दोन्हीकडे १०४ असलेल्याचीही. पहिल्याला भूमिती आणि नकाशे जड जात असतील. दुसऱ्याच्या बाबतीत ती शंका घ्यायचं कारण नाही. त्यांना एकच सल्ला देणं चूक.

आकडा एकटा सोडला की काय होतं याचा इतिहास वाईट आहे. हेन्री गोडार्ड यांनी बिने यांची चाचणी अमेरिकेत नेली आणि १९१३ मध्ये एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांवर त्यांच्या सहायकांनी ती वापरली. लांबच्या बोटप्रवासानं थकलेली, परक्या देशात पाऊल टाकणारी, दुभाष्यामार्फत प्रश्न ऐकणारी ही माणसं. त्यातली बहुसंख्य 'दुर्बलबुद्धी' ठरवली गेली. म्हणूनच आज बौद्धिक अक्षमतेचं निदान फक्त ७० च्या रेषेवर करत नाहीत. रोजचं वागणं, म्हणजे कपडे घालणं, पैसे ओळखणं, रस्ता ओलांडणं, चारचौघांत मिसळणं, हेही तपासतात. त्यासाठीची व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी मालिन यांनीच भारतीय परिस्थितीला जुळवून दिली.

चिकाटी, चित्रकला, विनोदबुद्धी, माणसं सांभाळण्याची हातोटी यांच्यासाठी या पेटीत एकही काम नाही. शिकवणी लावून सराव करून घेतला, तर जे आहे त्याचंही मापन बिघडतं, कारण मानके सराव न केलेल्या मुलांची असतात. चाचणीतले खरे प्रश्न छापत नाहीत तेही त्यामुळेच. या लेखात म्हणायला दिलेले 'सहा, एक, आठ' हे आकडेही नमुन्याचेच आहेत.

अहवाल घ्यायला जाल तेव्हा मानसशास्त्रज्ञांना विचारा : चाचणी कोणती आणि कधीच्या मानकांची? कोणत्या भाषेत घेतली? पट्टा काय येतो? उपचाचण्यांत चढउतार कुठं आहे? आणि या सगळ्यावरून शाळेत आणि घरी उद्यापासून नेमकं काय बदलायचं? बिने यांनी चाचणी बनवली होती ती या शेवटच्या प्रश्नासाठी. त्याचं उत्तर अहवालात नसेल तर तपासणी अर्धीच झाली आहे. ते मागून घ्यावं.